कारमध्ये हवाई इंजिन बसवणारा काउंट

इंजिन स्वॅपचे रील्स तुम्ही बघता, मीही बघतो. पण 100 वर्षांपूर्वी हाच उद्योग घरी करणारा एक माणूस होता, काउंट लुई झ्बोरोव्स्की.

जन्म 1895, लंडन. वडीलही रेसर, 1903 मध्ये शर्यतीतच गेले. पोराकडे पैसा भरपूर आणि वेडही तेच.

पहिलं महायुद्ध संपलं आणि लष्कराची हवाई इंजिनं विक्रीला आली. लुईने कँटरबरीजवळच्या आपल्या हायम बंगल्यावर, इंजिनिअर क्लाइव्ह गॅलपच्या मदतीने, जुन्या मर्सिडीजच्या चासीत मेबॅकचं 23 लिटरचं इंजिन बसवलं. आपल्या छोट्या कारचं इंजिन 1 ते 1.2 लिटरचं असतं, आता हिशेब करा!

नुसतं इंजिन ठेवून भागलं नाही. चासी लांबवावी लागली, ताकद मागच्या चाकांपर्यंत चेनने न्यावी लागली. या गाडीचं नाव चिटी बँग बँग. 1921 मध्ये ब्रुकलँड्स ट्रॅकवर तिने शर्यत जिंकली. 1922 मध्ये तिथेच टायर फुटला आणि ती ट्रॅकबाहेर गेली. लुई वाचला. 1924 मध्ये मात्र इटलीत मोंझाला दुसरी गाडी, मर्सिडीज, चालवताना अपघातात गेला. वय फक्त 29.

मी रोहिणखेडचा. बुलढाण्याचा घाट उतरताना पॉवर नाही, ब्रेकच कामी येतो. म्हणून इंजिन वाढवायचं तर ब्रेक, टायर, गिअरबॉक्स, चासी आधी बघा. इंजिन नंबर आरसीवर असतो, तेव्हा आरटीओची मंजुरी घेतल्याशिवाय पान्याला हात लावू नका.