सावित्रीबाई आणि सेवेचें काम

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपासच्या वस्त्यांतील मुलांकरितां कांहीं करावें, अशी इच्छा सोलापुरांतील पुष्कळ सुशिक्षित तरुणांस होते व ती स्तुत्य आहे. पण बहुतेकांची धांव दिवाळीचा फराळ आणि वह्यावाटप येथवरच जाते; मन रमेल असें काम मिळत नाहीं ही तक्रार मात्र कायम! अशा मंडळींनीं सावित्रीबाई फुले यांचें चरित्र पुन्हां एकवार पाहावें, अशी आमची सूचना आहे.

३ जानेवारी १८३१ रोजीं नायगांवीं जन्म, १८४० त विवाह, १८४८ पासून पुण्यांत मुलींच्या शाळा, हें सर्वश्रुत आहे. त्यावर आम्ही शाई खर्चीत नाहीं. १८६३ सालीं या दांपत्यानें पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. ब्राह्मणादि जातींत विधवेस पुनर्विवाहाची बंदी होती. कोवळ्या वयाची विधवा फसली म्हणजे तिजपुढें स्वतः विहीर जवळ करणें किंवा अर्भकाचा गळा दाबणें, एवढेच मार्ग उरत. फसविणारा पुरुष मात्र उजळ माथ्यानें पंक्तीस बसे. या गृहांत गुप्तपणें येऊन बाळंत व्हावें, मूल न्यावें अथवा ठेवून जावें, अशी सोय होती. १८८४ पर्यंत ३५ विधवा तेथें आल्या. आतां अशा घरांतलें रोजचें काम तें काय? बाळंतिणीची उठबस, लंगोट धुणें, रात्रीं रडणारें मूल खांद्यावर घेऊन फिरणें. त्यास ना पगार, ना समारंभ, आणि वर शेजाऱ्यांची निंदा. सावित्रीबाईंस अपत्य नव्हतें. अशाच एका विधवेचा १८७४ त जन्मलेला मुलगा त्यांनीं दत्तक घेतला. तो यशवंत पुढें डॉक्टर झाला.

१८७६-७७ च्या दुष्काळांत सोलापूर जिल्हाही होरपळला. त्या वेळीं सत्यशोधक मंडळींनीं पुण्याजवळ धनकवडीस मुलांकरितां अन्नछत्र चालविलें, त्यांतही सावित्रीबाई होत्या.

आमच्या गांवीं काय करावें, हें यावरून ताडतां येतें. विडीची मजुरी हजारावर मिळते. म्हणून घरांतील लहान हातही पानाकडे, दोऱ्याकडे ओढले जातात. शिवाय यंत्रमागावरील पुष्कळ कुटुंबांत घरची भाषा तेलुगु आणि मुलांच्या हातांतील पुस्तक मराठी. अशा मुलास वर्षांतून एकदां वही देऊन काय होणार? आठवड्यांतून चार सायंकाळीं त्याच ओसरीवर बसून धडा वाचून घेणारा कोणी पाहिजे, आणि आईच्या भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज भरून देणाराही. पहिले दोन महिने कंटाळा येईल. मुलाचें नांव व त्याची खोड ठाऊक झाली कीं तो बहुधा ओसरतो.

१८९० त जोतीराव वारले. सावित्रीबाईंनीं काम सोडलें नाहीं. १८९७ त पुण्यांत प्लेग माजला, तेव्हां डॉ. यशवंत यांनीं हडपसरनजीक सासन्यांच्या माळावर दवाखाना घातला. मुंढव्यास एक अस्पृश्य मानलेल्या जातीचा मुलगा प्लेगनें पडल्याचें कळतांच सावित्रीबाईंनीं त्यास पाठीवर घेऊन तेथें आणलें. त्यांत त्यांसही लागण झाली व १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. त्यांचें वय तेव्हां ६६ वर्षांचें होतें.