राजकन्येची पावलं

१९९७ सालच्या संक्रांतीच्या आठवड्यातली गोष्ट. मी तेव्हा पुण्यात, लष्कर भागातल्या एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. सकाळचं वर्तमानपत्र शाखेत हातोहात फिरायचं आणि दुपारपर्यंत त्याची पानं सुटी व्हायची. त्या दिवशी माझ्या टेबलावर पहिलं पान आलं. त्यावर एक छायाचित्र होतं. पांढऱ्या सदऱ्यावर जाड चिलखती जाकीट, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, दोन्ही बाजूंना वाळकं गवत आणि कवटीचं चित्र रंगवलेल्या धोक्याच्या पाट्या. त्यांच्यामधून चालत होती इंग्लंडची राजकन्या डायना. मी ते चित्र बघून हसलो. राजवाडा सुटला, आता ही नवी हौस, असं काहीसं बोलूनही गेलो.

समोर पेन्शनच्या कामाला आलेले एक जवान बसले होते. हुद्द्याने ते नाईक, पण साताऱ्याकडे फौजेतल्या कुणालाही मेजर म्हणतात, म्हणून आमच्या शाखेतही ते मेजरच. शांतिसेनेबरोबर ते श्रीलंकेत गेले होते आणि तिथे भूसुरुंगावर पाय पडून त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. १९४४ पासून पुण्यात असलेल्या लष्कराच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना नवा पाय मिळाला होता. त्यांनी माझ्या हातातलं पान मागून घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. चेहऱ्याकडे नव्हे, पावलांकडे. मग त्यांनी सांगितलं की साफ केलेल्या पट्ट्यातून चालायलाही छाती लागते, कारण पाय एकदा गमावलेल्या जमिनीवर माणसाचा विश्वास उरत नाही. त्यांना जखम झाली त्याच आठवड्यात शेळीमागे धावलेला तिथल्या गावातला एक पोरगाही सुरुंगावर गेला होता. मला सरकारने पाय दिला, पेन्शन दिली, त्या पोराला कुणी काय दिलं असेल, एवढंच त्यांनी मला विचारलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझं हसू मात्र मला आजही टोचतं.

डायना आणि मी एकाच वर्षी जन्मलो, १९६१ मध्ये. तेवढं सोडलं तर आमच्यात काहीच समान नव्हतं. १ जुलैला सँड्रिंगहॅमच्या राजघराण्याच्या जमिनीवरच्या घरात ती जन्मली. स्पेन्सर घराणं जुनं आणि श्रीमंत, पण बालपण सुखाचं नव्हे. ती सहा वर्षांची असताना आई घर सोडून गेली, दोन वर्षांनी आईवडिलांचा घटस्फोट झाला. शाळेत तिचं डोकं फारसं चाललं नाही. सोळाव्या वर्षीच्या परीक्षांत ती दोनदा नापास झाली. पुढे लंडनमध्ये एका बालवाडीत मदतनीस म्हणून काम करताना मात्र ती रमली. लहान मुलं हा एकच विषय तिला न शिकता येत होता.

२९ जुलै १९८१ रोजी सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये तिचं युवराज चार्ल्सशी लग्न झालं. ती वीस वर्षांची, तो बत्तीसचा. आमच्याकडेही त्या लग्नाचे फोटो आयाबहिणींनी कात्रणं करून ठेवले होते. १९८२ मध्ये विल्यम आणि १९८४ मध्ये हॅरी झाला. परीकथा तिथे संपली. नवऱ्याचं मन दुसरीकडे, सासर शिष्टाचारात गोठलेलं आणि दाराबाहेर कॅमेरे. खाणं आणि उलट्या यांच्या चक्रात सापडलेला आजार तिने वर्षानुवर्षं सोसला. तिच्याकडूनही चुका झाल्या, तिचेही पाय घसरले. १९९५ च्या टीव्ही मुलाखतीत तिने संसाराची लक्तरं जगापुढे मांडली. ती मुलाखत मिळवताना फसवणूक झाली होती, हे चौकशीत सिद्ध व्हायला २०२१ उजाडलं. १९९२ मध्ये पतिपत्नी वेगळे झाले होते, २८ ऑगस्ट १९९६ रोजी घटस्फोटही झाला.

पण याच वर्षांत आणखी एक डायना घडत होती. १९८७ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात एड्सच्या रुग्णांचा कक्ष सुरू झाला, तेव्हा तिने हातमोजे न घालता रुग्णाशी हस्तांदोलन केलं. स्पर्शाने एड्स होतो अशी भीती सुशिक्षितांच्याही मनात होती ते हे दिवस. इंडोनेशियात तिने कुष्ठरुग्णांचे हात हातात घेतले. आनंदवन ठाऊक असलेल्या मराठी माणसाला त्या कृतीचा अर्थ वेगळा सांगायला नको. कॅमेरे आपला पिच्छा सोडणार नाहीत हे तिला पुरतं कळून चुकलं होतं. मग आपण जिथे उभं राहू तिथे तेही येतील, तर उभं कुठे राहायचं हे आपण ठरवावं, हा हिशेब तिने मनाशी मांडला असावा. बँकेत आयुष्य काढलेल्या मला तो हिशेब नीट कळतो.

घटस्फोटानंतर सुमारे शंभर संस्थांची आश्रयदाती पदं तिने सोडली आणि फक्त सहा ठेवली. लोकांना वाटलं, आता ही मौजमजा करत फिरणार. पण जानेवारी १९९७ मध्ये ती ब्रिटिश रेड क्रॉसबरोबर अँगोलाला गेली.

अँगोला १९७५ मध्ये पोर्तुगालच्या हातून सुटला आणि लगेच यादवीत पडला. एका बाजूला रशिया आणि क्यूबा, दुसऱ्या बाजूला अमेरिका आणि गोऱ्यांच्या राजवटीतली दक्षिण आफ्रिका. शीतयुद्ध त्यांचं, जमीन अँगोलाची. दोन्ही बाजूंनी रस्ते, पूल, विहिरी, शेतं यांत सुरुंग पेरले. त्या काळी देशात माणसांइतके सुरुंग आहेत असं बोललं जाई. पुढच्या पाहणीत ते आकडे फार फुगलेले ठरले. पण पाणवठ्याच्या वाटेवर एकच सुरुंग असला, तरी गावाला ती वाट बंद होते.

सुरुंगाचा हिशेब मोठा चमत्कारिक असतो. त्या काळच्या संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार एक सुरुंग बनवायला तीन डॉलरदेखील पुरत, आणि तोच शोधून काढायला तीनशे ते हजार डॉलर लागत. कर्ज काढणारा केव्हाच पसार होतो आणि वसुली जामीनदाराच्या नातवाकडून होते, तसला हा प्रकार. पेरणारा सैनिक घरी जातो, म्हातारा होतो, मरतो. त्याचा सुरुंग मातीखाली जागा असतो. त्याला तह कळत नाही, गणवेश कळत नाही, वय कळत नाही.

आणि वय कमी असलं की घाव जास्त. मोठ्या माणसाचा पाय जातो, तेव्हा पोटापर्यंत स्फोटाचं अंतर असतं. मुलाची उंचीच कमी, म्हणून तोच स्फोट पोट, छाती, डोळे यांच्याजवळ होतो. शिवाय पाणी आणणं, लाकूडफाटा गोळा करणं, गुरं वळणं ही कामं गरीब घरात मुलांचीच. अनोळखी वस्तू उचलून बघण्याची खोडही मुलांचीच. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांनी विमानांतून टाकलेले पंखांच्या आकाराचे छोटे सुरुंग मुलांनी खेळणं समजून उचलले. बेरंगी मातीत काही वेगळं दिसलं की हात जातोच. आपल्या अंगणातली पोरं आठवून बघा.

वाचलेल्या मुलाची पुढची कथा वर्तमानपत्रात येत नाही. मूल वाढतं, त्याचा लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा पाय वाढत नाही. मोठ्या माणसाला तीनपाच वर्षांनी पाय बदलावा लागतो, वाढत्या मुलाला साधारण सहा महिन्यांनी. तुटलेल्या जागी हाडही वाढत राहतं आणि कातडीतून बाहेर येऊ लागलं की पुन्हा शस्त्रक्रिया. दहा वर्षांच्या मुलाला उरलेल्या आयुष्यात पंचवीसेक कृत्रिम पाय लागतात, असा रेड क्रॉसचा हिशेब आहे. आपल्या जयपूरचा स्वस्त, अनवाणी चालता येणारा पाय अफगाणिस्तानापर्यंत पोचला तो याच गरजेपोटी.

अँगोलात डायनाला हे सगळं दिसलं. राजधानी लुआंडाच्या कृत्रिम अवयवांच्या कार्यशाळेत ती तेरा वर्षांच्या, एक पाय गमावलेल्या मुलीशेजारी बसली. हुआंबोच्या रुग्णालयात पाणी आणायला गेलेली सात वर्षांची मुलगी पोट फाटून पडली होती. औषधं अपुरी, आशा जवळजवळ नाही. डायनाने आधी काय केलं, तर त्या मुलीचं उघडं पडलेलं अंग पांघरुणाने नीट झाकलं. बरोबरचे पत्रकार ते विसरले नाहीत. त्या पोरीचं रूप, रंग, देश काहीही असो, ती कुणाची तरी लेक आहे, हे ज्या हाताला कळतं तो हात आईचाच.

१५ जानेवारीला हुआंबोजवळ सुरुंग काढणाऱ्या पथकाबरोबर ती साफ केलेल्या पट्ट्यातून चालली. काही छायाचित्रकारांना चित्र मिळालं नाही, म्हणून ती पुन्हा एकदा चालली, असं सांगतात. मी ज्याला हौस म्हटलं ते हे. एरवी तिच्या कपड्यांवर रोखलेले जगातले कॅमेरे त्या दिवशी तिच्या पायाखालच्या मातीवर रोखले गेले.

ब्रिटनमध्ये लगेच गदारोळ झाला. हुजूर पक्षाच्या सरकारला सगळ्या सुरुंगांवर सरसकट बंदी नको होती. ठरावीक काळाने आपोआप निकामी होणारे सुरुंग ठेवावेत, असं त्यांचं धोरण होतं. एका उपमंत्र्याने तिला बेभरवशाची म्हटलं. ती वाद घालायला गेली नाही, आपण राजकारणी नाही एवढंच तिने सांगितलं. मे महिन्यात सत्तांतर झालं आणि नव्या मजूर सरकारने बंदीला पाठिंबा जाहीर केला. ते केवळ तिच्यामुळे झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. शेकडो संस्था, डॉक्टर आणि पाय गमावलेले लोक कितीतरी वर्षं त्यासाठी झटत होते. तिने त्यांच्या कामावर उजेड टाकला.

ऑगस्टच्या ८ ते १० तारखांना ती बोस्नियात होती. तिथलं युद्ध १९९५ मध्ये थांबलं होतं, सुरुंग थांबले नव्हते. सुरुंगात पाय गमावलेले दोन अमेरिकन तिच्यासोबत होते. लोकांच्या घरी जाऊन ती त्यांच्या कहाण्या ऐकत बसली. साराजेव्होच्या दफनभूमीत मुलाच्या कबरीपाशी आलेल्या एका आईला तिने मिठी मारली. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती.

तीन आठवड्यांनी, ३१ ऑगस्टला, पॅरिसच्या बोगद्यात तिचा अंत झाला. वय ३६. तो रविवार होता. पुढच्या शनिवारी अर्धा दिवस बँक करून मी घरी आलो. गणपती बसलेले होते, आदल्याच दिवशी मदर तेरेसा गेल्या होत्या, आणि टीव्हीवर डायनाची अंत्ययात्रा चालली होती. शवपेटिकेमागून बारा वर्षांचा हॅरी चालत होता. माझी आई देवापुढची फुलं निवडता निवडता थांबली आणि पदराने डोळे पुसू लागली.

तिच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी ऑस्लोत सुरुंगबंदीच्या कराराची परिषद सुरू झाली आणि १८ सप्टेंबरला मसुदा मंजूर झाला. ऑक्टोबरमध्ये बंदीच्या मोहिमेला आणि जोडी विल्यम्स यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं. डिसेंबरमध्ये ओटावात १२२ देशांनी सह्या केल्या. सुरुंग वापरायचे नाहीत, बनवायचे नाहीत, साठे नष्ट करायचे, जमीन साफ करायची आणि जखमींना मदत करायची, असा तो करार. १ मार्च १९९९ पासून तो लागू झाला. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान यांनी सही केली नाही, आणि भारतानेही नाही. लांबलचक सीमेचं कारण आपण देतो, आणि ते अगदीच पोकळ नाही. पण २००१ च्या अखेरीस संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर सुरुंग पेरले गेले, तेव्हा शेतकऱ्यांची शेतं त्यात गेली आणि माणसंही जायबंदी झाली, हेही विसरता येत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये हॅरी हुआंबोला गेला. आई जिथून चालली होती तिथे आता रस्ता आहे, घरं आहेत, दुकानं आहेत, शाळेत जाणारी मुलं आहेत. करार म्हणजे काय ते तिथे डोळ्यांना दिसतं. मात्र २०२३ या एका वर्षात जगात सुरुंग आणि न फुटलेल्या स्फोटकांनी किमान ५,७५७ माणसं मेली किंवा जायबंदी झाली. त्यांत बहुसंख्य नागरिक होते, आणि वय नोंदलं गेलेल्या नागरिकांत सदतीस टक्के मुलं होती. २०२५ मध्ये रशियाच्या भीतीने फिनलंड, पोलंड, लिथुआनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनिया यांनी करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. त्यांची भीती खोटी नाही. पण आज पेरलेला सुरुंग कुणाच्या पायाखाली फुटेल, हे पेरणाऱ्याच्या हातात कधीच नसतं.

मी २००१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन लिहायला बसलो. त्याआधी मेजर दर काही वर्षांनी पाय बदलायला पुण्याला आले की शाखेत डोकावून जायचे. चहा घ्यायचे, नवा पाय आपटून दाखवायचे. शेळीमागे धावलेल्या त्या पोराचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, आणि मलाही काढवला नाही. तो जगला असेल तर आज चाळिशी ओलांडून गेला असेल. रेड क्रॉसच्या हिशेबाने त्याला आतापर्यंत बरेच पाय लागले असतील. ते कुणी दिले असतील का, हा मेजरांचा प्रश्न मी आजही वहीत शिल्लक म्हणून पुढे ओढतो आहे.