सर अलेक्झांडर फ्लेमिंग

पुण्याजवळील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यांत सन १९५५ मध्यें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. त्याच वर्षीं त्या औषधाचे जनक निवर्तले. त्यांचें चरित्र बोधप्रद आहे.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजीं स्कॉटलंडमधील एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत वैद्यकाचें अध्ययन करून ते तेथेंच जंतुशास्त्राचे संशोधक झाले. पहिल्या महायुद्धांत जखमा चिघळून सैनिक मरतांना त्यांनीं पाहिले. सन १९२८ मध्यें जंतु वाढविलेल्या एका बशींत बुरशी आली व तिच्याभोंवतालचे जंतु नाहींसे झालेले त्यांस दिसले. बशी फेंकून न देतां त्यांनीं कारण शोधलें, तेंच पेनिसिलिन. पुढें ऑक्सफर्ड येथें फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें शुद्ध केलें. १९४१ मध्यें तेथील एका पोलिस शिपायास त्यानें उतार पडूं लागला; परंतु औषध संपलें, रोग उलटला व तो दगावला.

१९४५ मध्यें तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. अपुरी मात्रा घेतल्यास जंतु मरत नाहींत, उलट औषधास दाद देईनासे होतात, हें फ्लेमिंग यांनीं त्या वेळच्या व्याख्यानांतच जगास बजाविलें. ११ मार्च १९५५ रोजीं त्यांचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, हें औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊं नये. पूर्वीं त्यानें अंगावर पुरळ उठलें असल्यास वा श्वास कोंडला असल्यास आधींच सांगावें. सांगितलेल्या वेळीं, सांगितलेले सर्व दिवस घ्यावें. बरें वाटलें म्हणून आपण होऊन सोडूं नये. त्या थोर पुरुषाचा इशारा पाळणें हेंच त्याचें खरें स्मरण होय.