हॅम्प्टन ग्रे : युद्ध संपायला सहा दिवस उरले असताना

बर्नाबी माउंटनच्या पश्चिम उतारावर कोरीव लाकडी खांबांचा एक समूह उभा आहे. होक्काइडो बेटावरील ऐनू समाजाचे शिल्पकार नुबुरी तोको यांनी तो घडवला आणि बर्नाबी व जपानमधील कुशिरो या दोन नगरांच्या मैत्रीची खूण म्हणून १९९० मध्ये तो येथे आला. सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या परिसरात राहणारी मराठी मंडळी पाहुण्यांना सूर्यास्त दाखवायला हमखास तेथे नेतात. १९६५ पासून बर्नाबीचे भगिनीनगर असलेल्या या कुशिरोवर १४ आणि १५ जुलै १९४५ रोजी अमेरिकी विमानवाहू नौकांवरील विमानांनी बाँब टाकले होते, हे मात्र त्या खांबांपाशी उभे राहून कोणाच्या मनात येत नाही. त्या हल्ल्यांनंतर लगेच ब्रिटिश पॅसिफिक आरमारही जपानच्या किनाऱ्यावर त्या मोहिमेत सामील झाले. त्यातील फॉर्मिडेबल या विमानवाहू नौकेवर ब्रिटिश कोलंबियाचाच एक सत्तावीस वर्षांचा वैमानिक होता. त्यांचे नाव रॉबर्ट हॅम्प्टन ग्रे. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या वाट्याला आलेला शेवटचा व्हिक्टोरिया क्रॉस त्यांचा आहे आणि तो मरणोत्तर आहे.

ग्रे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९१७ रोजी ट्रेल या गावी झाला. पुढे कुटुंब जवळच्याच नेल्सनला गेले. वडील बोअर युद्ध लढून आलेले. नेल्सनमध्ये त्यांचे जवाहिऱ्याचे दुकान होते. कूटनी सरोवराच्या काठचे हे डोंगराळ गाव लहानच, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. पुढे नौदलाच्या इतिहासात जाऊन बसणाऱ्या माणसाचे हे गाव म्हणून जरा अनपेक्षितच. मुलगा हसतमुख, बेताच्या उंचीचा, मित्रांत रमणारा. वर्षभर अल्बर्टा विद्यापीठात काढून ते व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात आले आणि १९४० मध्ये कला शाखेचे पदवीधर झाले. पुढे मॅकगिलमध्ये वैद्यकीय शिक्षण घ्यावे, असा विचार होता. तो तसाच राहिला. त्याच उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि ग्रे यांनी कॅलगरीत नौदलाच्या राखीव दलात नाव नोंदवले.

साधे खलाशी म्हणून भरती होऊन ते इंग्लंडला गेले आणि तेथे ब्रिटिश नौदलाच्या विमानदलाची निवड केली. वैमानिकी शिकण्यासाठी त्यांना पुन्हा कॅनडालाच, ऑन्टारियोतील किंग्स्टनला धाडण्यात आले. १९४१ च्या शरद ऋतूत ते पात्र वैमानिक झाले. त्यानंतरची दोन वर्षे मुख्यतः आफ्रिकेत गेली. नैरोबीच्या परिसरात हरिकेन विमाने चालवायची आणि हिंदी महासागराच्या त्या किनाऱ्यावर पहारा ठेवायचा, असे ते काम होते. लढाई अशी वाट्याला फारशी आली नाही.

लढाई आली ती घरी, आणि धाकट्या भावाच्या वाट्याला. जॉन ग्रे कॅनडाच्या हवाई दलात गेले होते आणि इंग्लंडमधून उडणाऱ्या बाँबफेकी विमानाच्या चमूत होते. १९४२ मध्ये ते मारले गेले. बाँबफेकी विमान पडे तेव्हा चार, पाच, सात घरांत एकाच वेळी तारा जात. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये पंचावन्न हजारांहून अधिक तरुण असे गेले. त्यांपैकी सुमारे दहा हजार कॅनडाचे होते. नेल्सनच्या जवाहिऱ्याचे घर त्या दहा हजारांपैकी एक.

याच सुमारास नेल्सनच्या आसपास दुसरेही काही घडत होते आणि ग्रे यांची कथा सांगताना ते गाळणे योग्य नाही. १९४२ मध्ये कॅनडा सरकारने पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे २२,००० जपानी वंशाच्या रहिवाशांना घरादारातून उठवले. त्यांतील बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते. त्यांच्या होड्या, घरे, दुकाने जप्त झाली, पुढे विकली गेली. हजारोंना स्लोकन, न्यू डेन्व्हर, कॅस्लो येथील छावण्यांत ठेवण्यात आले; ही ठिकाणे नेल्सनपासून मोटारीने तासा-दोन तासांच्या आत आहेत. युद्ध संपल्यावरही १९४९ पर्यंत त्यांना किनाऱ्यावर परतण्याची मुभा नव्हती. बर्नाबीतील निक्केई राष्ट्रीय संग्रहालयात हा इतिहास जपलेला आहे. एकाच डोंगराळ मुलखात एक कुटुंब एका मुलाचा शोक करत दुसऱ्याची वाट पाहत होते, आणि पलीकडच्या दऱ्यांत शेकडो कुटुंबे केवळ वंशामुळे शत्रू ठरली होती.

ऑगस्ट १९४४ मध्ये ग्रे फॉर्मिडेबलवरील १८४१ क्रमांकाच्या तुकडीत दाखल झाले. तुकडीकडे अमेरिकी बनावटीची कॉर्सेअर विमाने होती. वेगवान, दणकट, पण नौकेवर उतरवायला भयंकर. नाक इतके लांब की सरळ रेषेत उतरू गेल्यास समोरची नौकाच दिसेना. म्हणून ब्रिटिश वैमानिक वळण घेत घेत खाली येत आणि अगदी शेवटच्या क्षणी विमान सरळ करत. शत्रूच्या गोळीइतकेच हे उतरणेही जीवघेणे होते, आणि युद्धात पडलेल्या विमानांच्या हिशेबात अशा अपघातांचा वाटा मोठा आहे. त्याची गाथा मात्र कोणी गात नाही.

पहिलीच मोठी कामगिरी नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील फियॉर्डमध्ये दडलेल्या तिरपिट्झ या जर्मन युद्धनौकेवरची. विमानविरोधी तोफांचे लक्ष आपल्याकडे वळवून बाँबफेकी विमानांना वाट करून द्यायची, हे ग्रे यांच्या सहकाऱ्यांचे काम. २९ ऑगस्टच्या हल्ल्यात त्यांच्या विमानाच्या शेपटीचे सुकाणूच उडाले. तशा अवस्थेत विमान परत आणून, आपली पाळी येईपर्यंत पाऊण तास घिरट्या घालून ते नौकेवर उतरले. या मोहिमेसाठी त्यांचा अधिकृत खलित्यात गौरवाने उल्लेख झाला.

१९४५ च्या वसंतात फॉर्मिडेबल पॅसिफिकमध्ये पोहोचली. ओकिनावाच्या लढाईत मे महिन्यात पाच दिवसांच्या अंतराने दोनदा आत्मघातकी जपानी विमाने तिच्यावर येऊन आदळली. आणखी काही दिवसांनी विमानशाळेत एका कॉर्सेअरच्या बंदुका चुकून सुटल्या आणि त्या आगीत विमानांची रांगच जळाली. डागडुजी करून नौका जुलैमध्ये थेट जपानसमोर आली. २८ जुलै रोजी ग्रे यांनी एका विनाशिकेवर केलेल्या हल्ल्याबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस जाहीर झाला. तो जाहीर होईपर्यंत ते हयात नव्हते.

९ ऑगस्टची सकाळ. हिरोशिमाला तीन दिवस झाले होते, सोव्हिएत रशिया युद्धात उतरला होता. युद्ध आता दिवसांचेच आहे हे वरिष्ठांना दिसत होते आणि उगाच जोखीम घेऊ नये, अशी सूचना वैमानिकांपर्यंत पोहोचवण्यात आली होती. ग्रे आपल्या विमानांसह मात्सुशिमाच्या हवाई तळाकडे निघाले. त्या तळाची आधीच मोडतोड झालेली दिसली. जवळच्या ओनागावाच्या उपसागरात मात्र युद्धनौका नांगरलेल्या होत्या. त्यांनी तिकडे मोर्चा वळवला.

तीन बाजूंनी डोंगर आणि मध्ये अरुंद पाणी. काठावरच्या आणि नौकांवरच्या तोफा एकाच वेळी आग ओकू लागल्या. ग्रे यांचे विमान पेटले, दोनपैकी एक बाँब गळून पडला. तरीही मार्ग न बदलता, पाण्यापासून जेमतेम पन्नास फुटांवर येऊन त्यांनी उरलेला बाँब आमाकुसा या रक्षक नौकेवर टाकला. नौका थोड्याच वेळात बुडाली. ग्रे यांचे विमान उजवीकडे कलंडले आणि उपसागरात नाहीसे झाले. ना विमान हाती लागले, ना देह. त्याच दिवशी नागासाकीवर दुसरा अणुबाँब पडला. १५ ऑगस्टला जपानने शरणागती जाहीर केली.

आमाकुसा ही हजार टनांहूनही लहान नौका. ती तरली असती तर युद्ध एका दिवसानेही लांबले नसते, असा हिशेब आज मांडता येतो आणि तो चूक नाही. पण तो पंधरा ऑगस्टच्या पुढे उभे राहून मांडलेला हिशेब आहे. नऊ तारखेला विमानात बसलेल्या माणसापुढे शस्त्रसज्ज नौका होत्या, मागे आपल्यावर भरवसा ठेवून येणारे सहकारी होते आणि आज्ञा हल्ल्याचीच होती. जोखीम किती घ्यायची, हे मात्र त्यांचे त्यांनी ठरवले. गौरवपत्रात हा पेच उमटत नाही; तशी पत्रे त्यासाठी लिहिली जात नाहीत.

१३ नोव्हेंबर १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी ओटावात गव्हर्नर जनरलांच्या हस्ते तो ग्रे यांच्या आईवडिलांनी स्वीकारला. हेच पदक इटलीच्या आघाडीवर पडलेल्या माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे यांना मरणोत्तर, आणि नामदेव जाधव यांना हयातीत मिळाले होते. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई. ब्रिटिश नौदलाच्या विमानदलात त्या युद्धात ते दोघांनाच लाभले. पहिले यूजीन एस्मंड. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांच्या सहा जुनाट स्वोर्डफिश विमानांतून अठरा जण उडाले, पाच वाचले. ग्रे कॉर्सेअरमध्ये एकटे होते.

त्यांचे नाव हॅलिफॅक्सच्या नाविक स्मारकावर आहे. कोकानी हिमनदीच्या परिसरातील एका शिखराला दोन्ही भावांच्या स्मरणार्थ ग्रेज पीक असे नाव दिले गेले. ब्रिटिश कोलंबियात सर्वत्र विकल्या जाणाऱ्या कोकानी बिअरच्या बाटलीवर जो बर्फाच्छादित डोंगर दिसतो तो हाच. शनिवारच्या बैठकीत तो हाती धरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असते. अलीकडे कॅनडाच्या नौदलाने आर्क्टिक गस्तीच्या नव्या नौकांपैकी सहाव्या नौकेला त्यांचे नाव दिले.

ओनागावात ९ आणि १० ऑगस्टच्या हल्ल्यांत दीडशेहून अधिक जपानी माणसे मेली. त्यांचे स्मारक तेथे आहे. १९८९ मध्ये, ज्यांच्यावर हा हल्ला झाला त्या बाजूच्या माजी सैनिकांच्या सहकार्याने, त्याच गावात हॅम्प्टन ग्रे यांचेही स्मारक उभे राहिले.  ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामीने हे गाव जवळजवळ धुऊन नेले. सुमारे दहा हजार वस्तीतील आठशेहून अधिक माणसे गेली वा बेपत्ता झाली. ग्रे यांचा दगडही त्या भूकंपात कोसळला. पुढे गाव नव्याने उभारताना ओनागावाच्या लोकांनी तो उचलून गावातील रुग्णालयाजवळ पुन्हा उभा केला.