रंग चुकले, नांगर जमला

चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झालेल्या तरुणाला रंगच नीट ओळखता येत नाहीत, असे लक्षात आले. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे 1869 मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना अंशतः रंगांधळेपणा होता. हा दोष बहुधा जन्मजात असतो. डोळ्यातल्या पडद्यावरच्या शंकूपेशी काही रंगांमधला फरक टिपत नाहीत. संबंधित जनुके ‘एक्स’ गुणसूत्रावर असल्याने तो पुरुषांत जास्त आढळतो. मात्र रेषा, आकार आणि मापे पाहण्यात त्याची आडकाठी येत नाही.

लक्ष्मणरावांनी कुंचला ठेवला आणि यांत्रिक रेखाटन धरले. आज माटुंग्यात असलेली व्हीजेटीआय तेव्हा भायखळ्यात होती. तिथे ते शिकवू लागले. पुढे बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांसोबत त्यांचे सायकलचे दुकान होतेच. तिथूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. खरे तर दख्खनची काळी माती ज्या बेसाल्ट खडकापासून बनली, त्यातच भरपूर लोह आहे. पिकांनाही लोह अल्प प्रमाणात लागतेच.

फरक होता तो कामाचा. लाकडी नांगर माती उकरतो. दोन तासांमध्ये न नांगरलेली पट्टी राहते आणि हरळी-कुंद्याच्या मुळ्या तगून राहतात. लोखंडी नांगराचा वळणदार पंखा मातीची वडी कापून उलटी पाडतो. मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात, पाणी खोल मुरते. मात्र तो ओढायला बैलांची ताकदही जास्त लागते. म्हणून खोल, भारी जमिनीला लोखंडी नांगर फायद्याचा. उथळ, उताराच्या जमिनीत खोल नांगरट केली तर पावसात माती वाहून जाण्याची भीती. नांगर निवडायचा तो जमिनीची खोली, उतार, तण आणि दावणीला असलेले बैल पाहून.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळ माळरान दिले. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथला नांगर गावोगाव पोहोचला, कारण शेजाऱ्याच्या शेतातली नांगरट लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

1956 मध्ये लक्ष्मणराव निवर्तले. ज्या डोळ्यांना रंग नीट कळत नव्हते, त्यांनी नांगराच्या पंख्याचे वळण मात्र अचूक पाहिले होते.