विश्लेषण : डॉक्टरेटसाठी नाकारलेले संशोधन आजच्या बॅटरीत कसे पोहोचले? कोण होते लार्स ऑनसागर?

इलेक्ट्रिक स्कूटर किंवा मोबाइल चार्जिंगला लावला, की बॅटरीतल्या द्रावणातून लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे निघतात. हे द्रावण, म्हणजेच इलेक्ट्रोलाइट, चांगलेच दाट असते. त्यात लिटरमागे साधारण एक मोल क्षार विरघळवलेला असतो. एवढ्या गर्दीत आयन कसे सरकतात, याचे गणित ज्या पायावर उभे आहे तो १९३१ मध्ये लार्स ऑनसागर यांनी रचला. याच कामावर त्यांना डॉक्टरेट मात्र नाकारण्यात आली होती.

थेट डिबाय यांच्या कार्यालयात

ऑनसागर यांचा जन्म २७ नोव्हेंबर १९०३ रोजी नॉर्वेत, आजच्या ऑस्लोमध्ये झाला. वडील वकील. १९२० मध्ये त्यांनी ट्रॉन्डहाइमच्या तंत्रज्ञान संस्थेत केमिकल इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. ते शिकत असतानाच, १९२३ मध्ये, पीटर डिबाय आणि एरिक ह्युकेल यांचा आयनांविषयीचा गाजलेला सिद्धांत आला.

सिद्धांत थोडक्यात असा. द्रावणातल्या प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचे एक विरळ कडे असते. आयन पुढे निघाला की कडे मागे रेंगाळते आणि त्याला मागे खेचते. शिवाय कड्यातले आयन उलट दिशेने जाताना द्रावकालाही सोबत नेतात. म्हणजे आयनाला प्रवाहाविरुद्ध पोहावे लागते. यात एक खोट होती, ती ऑनसागर यांच्या नजरेला आली. ज्या आयनाचा माग काढायचा तो सरळ रेषेत, एकाच वेगाने चालतो असे डिबाय-ह्युकेल यांनी धरले होते. पण रेणूंचे धक्के त्यालाही बसतातच.

१९२५ मध्ये २१ वर्षांचे ऑनसागर झुरिचला गेले आणि थेट डिबाय यांच्या कार्यालयात शिरून तुमचा सिद्धांत चुकला आहे, असे त्यांनी सांगितले. डिबाय यांचा मोठेपणा असा, की त्यांनी या तरुणाला पुढे आपला सहायक नेमले. ऑनसागर यांनी सुधारलेले सूत्र विरळ द्रावणांच्या प्रयोगांशी जुळले.

दोन नोकऱ्या गेल्या

१९२८ मध्ये ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. प्रथम वर्षाच्या मुलांना त्यांचे शिकवणे झेपेना. एका सत्रातच नोकरी गेली. पुढे ब्राउन विद्यापीठात त्यांच्या 'स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स'च्या तासाला विद्यार्थी 'सॅडिस्टिकल मेकॅनिक्स' म्हणत. तिथेच त्यांनी १९३१ मध्ये व्युत्क्रमी संबंध मांडले. हे काम त्यांनी ट्रॉन्डहाइमला डॉक्टरेटसाठी पाठवले, तर संस्थेने ते अपुरे ठरवले. १९३३ मध्ये महामंदीच्या काळात ब्राउनची नोकरीही सुटली.

येल विद्यापीठाने डॉक्टरेटनंतरची फेलोशिप दिली आणि मग कळले, की यांच्याकडे डॉक्टरेटच नाही! ऑनसागर यांनी गणिताचा नवा प्रबंध लिहिला. तो रसायनशास्त्र विभागाच्या आवाक्याबाहेरचा होता. गणित विभागाने पदवी द्यायची तयारी दाखवल्यावर रसायनशास्त्र विभागानेच १९३५ मध्ये ती दिली.

व्युत्क्रमी संबंध म्हणजे काय?

दाट द्रावणात कोणताही आयन एकटा चालत नाही. लिथियमला ढकलले की शेजारचा ऋण आयनही हलतो, आणि ऋण आयनाला ढकलले की लिथियम हलतो. ऑनसागर यांनी दाखवले, की या दोन्ही परिणामांचे गुणांक समान असतात. कारण रेणूंच्या पातळीवर काळ उलटा फिरवला तरी गतीचे नियम बदलत नाहीत. त्यामुळे एक क्षार आणि एक द्रावक असलेल्या इलेक्ट्रोलाइटसाठी चारऐवजी तीनच राशी मोजाव्या लागतात : वाहकता, विसरण आणि ट्रान्सफरन्स नंबर.

त्यांचे जुने सूत्र बॅटरीत चालत नाही. तिथे आयनांभोवती कडे तयार व्हायला जागाच नसते. आयनांच्या जोड्या जमतात, द्रावण घट्ट होते आणि एका मर्यादेपलीकडे क्षार वाढवला तर वाहकता उलट घटते. व्युत्क्रमी संबंधांना मात्र द्रावण विरळ असण्याची अट नाही. १९९३ मध्ये डॉइल, फुलर आणि न्यूमन यांनी मांडलेले लिथियम बॅटरीचे प्रसिद्ध प्रारूप दाट द्रावणाच्या अशाच सिद्धांतावर उभे आहे.

यातली ट्रान्सफरन्स नंबर ही राशी फास्ट चार्जिंगची डोकेदुखी आहे. नेहमीच्या द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये ती निम्म्याहून कमी असते. म्हणजे अर्ध्याहून अधिक विद्युतप्रवाह ऋण आयन वाहतात, आणि ते इलेक्ट्रोडमध्ये शिरत नाहीत. घाईने चार्ज करताना ग्रॅफाइटजवळचा क्षार कमी पडू लागतो आणि ग्रॅफाइटवर धातुरूप लिथियम साचण्याचा धोका वाढतो.

ट्रॉन्डहाइमच्या संस्थेने १९६० मध्ये ऑनसागर यांना मानद डॉक्टरेट दिली. १९६८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही १९३१ च्या त्याच कामासाठी. ५ ऑक्टोबर १९७६ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले. न्यू हेवनमध्ये त्यांची कबर त्यांचे सहकारी जॉन कर्कवुड यांच्या शेजारी आहे. कर्कवुड यांच्या दगडावर सन्मानांची लांबलचक यादी आहे, ऑनसागर यांच्या दगडावर फक्त नोबेलचा उल्लेख. मुलांनी नंतर त्यापुढे एक तारांकन आणि खाली 'इत्यादी' एवढेच कोरून घेतले.