मुलांचे शेजारी

फ्रेड रॉजर्स यांचा जन्म १९२८ साली अमेरिकेतील लॅट्रोब गावी झाला. बालपणी ते लाजाळू व एकाकी असत. बाहुल्यांशी खेळण्यातच त्यांचे मन रमे. पुढे दूरचित्रवाणीवरील थिल्लर विनोद पाहून ते व्यथित झाले व हे साधन बालकांच्या हितासाठी वापरावयाचे त्यांनी ठरविले. १९६८ पासून त्यांचा कार्यक्रम देशभर दिसू लागला. त्यातील डॅनियल या बुजऱ्या वाघाच्या बाहुलीस ते स्वतः वाचा देत. बालकांच्या मनातील भीती तिच्या मुखातून प्रकट होई.

१९६९ साली सार्वजनिक दूरचित्रवाणीचे अनुदान निम्म्यावर आणण्याचे घाटत होते. रॉजर्स यांनी सिनेटच्या समितीपुढे सौम्य शब्दांत बालकांची बाजू मांडली. कठोर अध्यक्षही द्रवले; अनुदान वाचले. २००३ साली रॉजर्स निवर्तले. चिमुकल्यांसाठी झटणाऱ्यास मोठा आवाज लागत नाही, हेच त्यांचे जीवन सांगते.